कतरण

शनिवारी रात्री पोतं येतं.
संदेश स्कूटरवरून उतरवतो, दाराशी टेकवतो,
अप्पा, आठवड्याची कतरण, म्हणतो, आणि जातो.
नाना पेठेतलं दुकान आता त्याचं. कात्री त्याची.
फळीवरची कोळशाची इस्त्रीही, जी कोणी तापवत नाही.
गेल्या पौषात माझ्या अंगावरून वारं गेलं
तेव्हापासून उजवा हात असा,
देवळाबाहेर चपला राखत बसलेल्या माणसासारखा:
सोबत आलाय, पण आत येत नाही.

धनकवडीत दुसऱ्या मजल्यावर मी पोतं चटईवर ओततो.
कापड ओळखीचं निघतं.
हा बँडवाल्यांच्या कोटाचा लाल,
म्हणजे लग्नसराई सुरू झाली म्हणायची.
हा कुठल्याशा शाळेचा खाकी.
ही खणाची पट्टी, चार बोटं, काठासकट;
कुणीतरी पाठीचा गळा खोल सांगितला असणार.
बगलेचा चंद्र. गळ्याचा अर्धा घास.
जिथे माणूस नव्हता
तिथलं हे कापड.

बंबात घालायचो मी हे सगळं. पाणी छान तापायचं.

पंचेचाळीस वर्षं माणसं मोजली.
छाती, कंबर, बाही, खांदा.
सरळ उभ्या राहा म्हणालो, श्वास सोडा म्हणालो,
खोटं बोलणाऱ्या पोटांना
न विचारता दोन इंच दिले.
पिशवीला यातलं काही सांगावं लागत नाही.
पिशवी पोट आत ओढत नाही.
तिला बटाटे द्या, ती बटाट्यांच्या मापाची.

डाव्या हाताने कापड सरकवतो.
पाय मात्र शहाणे, पायमशीन त्यांना अजून ओळखतं.
तळाला जुन्या कॉलरींचं बकरम, वर खाकी, मध्ये लाल,
बंदाला पँटच्या कमरेचा पट्टा.
टीप जिथे हलते तिथे हलू देतो.
कमल चहा ठेवते आणि बघत राहते.
तुम्ही? चिंध्या जोडताय?
मी मान हलवतो. तोंडात टाचण्या असतात.

मार्गशीर्षात घैसासबाई आल्या, स्वारगेटला बस बदलून.
तीस वर्षांचं गिऱ्हाईक. तीस वर्षांची एकच तक्रार:
मास्तर, बगलेत काचतं.
हातात चार सफरचंदं, प्लास्टिकच्या पिशवीत.
सफरचंदं कमलने ठेवून घेतली,
आणि रिकाम्या हाताने कशाला पाठवायचं
म्हणून मी त्यांना माझी एक पिशवी दिली.
तीत त्यांच्याच ब्लाउजचा मोरपंखी तुकडा होता,
संदेशने शिवलेल्या. मी मुद्दाम दर्शनी लावला होता.

त्यांनी तो बघितला नाही.
चष्मा काढला, पुसला, घातला,
पिशवी उलटी केली आणि आतली शिवण बघत बसल्या.
जिथे टीप भरकटली होती
तिथे त्यांचा अंगठा थांबला.
खाली भंगारवाला ओरडत गेला.
मी कॅलेंडरवरची चतुर्थी शोधू लागलो.
वर्षभर लोक येत होते, वाहवा करत होते,
लहान मुलाच्या चित्राला करतात तशी.
किती छान. या वयात. या हाताने.

मग त्या म्हणाल्या,
मास्तर, बंद आखूड आहे. खांद्याला येत नाही.

काय सांगू तुम्हाला.
कोणीतरी मला चूक दाखवत होतं.

टेप गळ्यातच होती.
कमल रोज काढून ठेवते, मी रोज पुन्हा घालतो.
एक टोक त्यांनी आपल्या खांद्यावर धरलं,
दुसरं मी, डाव्या हातात.
सव्वीस. नाही, सत्तावीस धरा, आत स्वेटर असतो थंडीत.
पाठकोऱ्या पावतीवर लिहून घेतलं;
डाव्या हाताचे आकडे,
चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखे.

शुक्रवारी या, म्हणालो.

त्या चपला घालून जिना उतरू लागल्या.
वळणावर थांबल्या असाव्यात,
कारण तिथूनच आवाज आला:
कुठल्या?